‘९९ टक्के शुद्ध’ म्हणजे किती शुद्ध?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

शेंगांची टरफले, भाताचे तूस, केळीच्या साली, कडुनिंबाचा पाला यांच्या भुकटीने कारखान्याच्या सांडपाण्यातले क्रोमियम किंवा शिसे ‘९९ टक्के’ निघून जाते, अशी बातमी मराठी आणि गुजराती वर्तमानपत्रांत अधूनमधून येत असते. बातमी खोटी नसते. प्रयोगशाळेतल्या चंचुपात्रात तसे खरेच घडते. पण ती वाचून मकरपुरा जीआयडीसीतला (औद्योगिक वसाहतीतला) एखादा प्लेटिंगवाला, म्हणजे वस्तूंवर धातूचा मुलामा चढवणारा, विचारतो की, मग मेटाबायसल्फाइटची पावडर आणि चुना घालून क्रोमियमचा गाळ पाडण्याचा एवढा उपद्व्याप कशाला, टरफलेच टाकून मोकळे होऊ. आणि बडोद्यातल्या सामान्य वाचकाला वाटते की उपाय तयार आहे, कारखानदारच करत नाहीत. दोन्ही समज चुकीचे आहेत. अशा सुधारित शोषक पदार्थांना, म्हणजे धातू पृष्ठभागावर पकडता यावा म्हणून प्रक्रिया केलेल्या भुकट्यांना, जागा नक्की आहे, पण ती शुद्धीकरणाच्या शेवटच्या टप्प्यावर, आणि तीही बादलीत नव्हे, स्तंभात, म्हणजे त्यांनी भरलेल्या उभ्या नळकांड्यात. का, ते आकड्यांनिशी सांगण्यासाठी हे जरा लांबलेले पत्र.

टक्क्यांपासूनच सुरुवात करू. क्रोम प्लेटिंग झालेले जॉब ज्या पाण्यात धुतात त्या पाण्यात समजा लिटरमागे ५० मिलिग्रॅम षट्संयुजी क्रोमियम (क्रोमियमचे विरघळणारे, जास्त विषारी रूप) आहे. त्यातले ९९ टक्के काढले तर ०.५ मिलिग्रॅम उरते. पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ नुसार नदीनाल्यात सोडायच्या पाण्यात षट्संयुजी क्रोमियमची मर्यादा आहे लिटरला ०.१ मिलिग्रॅम. म्हणजे ९९ टक्के यश मिळूनही पाणी मर्यादेच्या पाचपट. तेच पाणी सुरुवातीला ५ मिलिग्रॅमचे असते तर ९९ टक्क्यांत ते आरामात पास झाले असते. सुरुवातीचा आकडा आणि उरलेला आकडा हे दोन्ही छापले नाहीत, तर नुसत्या टक्क्यांना काही अर्थ राहत नाही.

प्लेटिंग उद्योगासाठी एकूण क्रोमियम २, निकेल ३ आणि जस्त ५ मिलिग्रॅम प्रति लिटर अशा मर्यादा आहेत. त्यांची तुलना पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाशी (आयएस १०५०० : २०१२) करून पाहावी: क्रोमियम ०.०५, निकेल ०.०२, शिसे ०.०१, कॅडमियम ०.००३. ‘मर्यादेत’ सोडलेले पाणी पिण्याजोगे नसते, एवढे तरी त्यावरून कळावे. आपल्याकडे विश्वामित्री शहराच्या मधून वाहते, आणि भोवतालच्या उद्योगांचे प्रक्रिया केलेले पाणी सुमारे ५५ किलोमीटर लांबीच्या वाहिनीतून पादरा-जंबुसरच्या अंगाने खंभातच्या आखाताकडे जाते. सेंद्रिय घाण वाटेत जिवाणू खाऊन टाकतात. धातू कुणी खात नाही. तो गाळात बसतो, पाण्याचा पीएच उतरला, म्हणजे पाणी आम्ल झाले, की पुन्हा विरघळतो, आणि शेतात गेला की तिथेच राहतो.

आता शोषण म्हणजे काय ते. शास्त्रीय मराठीत याला अधिशोषण म्हणतात. पाणी स्पंजात मुरते तसा धातू पदार्थाच्या आत मुरत नाही, तर पृष्ठभागावरच्या ठरावीक जागांना चिकटतो. या जागा मोजक्या असतात, आणि त्या किती भरतील हे पाण्यात किती धातू शिल्लक आहे त्यावर ठरते. सगळ्या गैरसमजांचे मूळ या शेवटच्या वाक्यात आहे, म्हणून एक हिशेब करून दाखवतो.

समजा एका शोषकाची कमाल धारणक्षमता ग्रॅममागे ४० मिलिग्रॅम आहे. शोधनिबंधात हाच आकडा ठळक असतो. नेहमीच्या लँगम्यूर समीकरणातला दुसरा आकडा, म्हणजे त्या पदार्थाची धातूसाठीची ओढ, ०.०५ लिटर प्रति मिलिग्रॅम धरू. पाण्यात लिटरला ५० मिलिग्रॅम धातू शिल्लक असताना हा पदार्थ ग्रॅममागे साधारण २८.६ मिलिग्रॅम धरून ठेवतो. पाण्यात २ मिलिग्रॅम शिल्लक असताना ३.६. आणि आपल्याला हवे आहे तसे ०.१ मिलिग्रॅम शिल्लक असताना? फक्त ०.२. चाळीसचा आकडा दोन दशांशावर आला. पदार्थ तोच, समीकरण तेच.

यातून बादली आणि स्तंभ यांच्यातला फरक कळतो. बादलीत किंवा टाकीत भुकटी टाकून ढवळली तर शेवटी सगळी भुकटी उरलेल्या पाण्याशी, म्हणजे ०.१ मिलिग्रॅमच्या पाण्याशी तोल साधून थांबते. दिवसाला १०,००० लिटर पाणी २ मिलिग्रॅमवरून ०.१ वर आणायचे तर काढायचा धातू १९ ग्रॅम, आणि ग्रॅममागे ०.२ मिलिग्रॅमने भुकटी लागेल सुमारे ९५ किलो. रोज! तेच पाणी स्तंभातून वरून खाली सोडले तर वरचा थर येणाऱ्या २ मिलिग्रॅमच्या पाण्याशी तोल साधतो, ग्रॅममागे ३.६ पर्यंत भरतो, आणि खालचा ताजा थर उरलेसुरले पकडतो. अर्धा स्तंभ वापरात आला असे धरले तरी रोज साडेदहा किलो पुरतात. दोन स्तंभ एकामागे एक जोडून पहिला जवळपास पूर्ण भरेपर्यंत चालवला तर सहा-सात किलो. बादलीपेक्षा चौदापट कमी माल, आणि तेवढाच कमी घातक कचरा.

पण मूळ ५० मिलिग्रॅमचे पाणीच थेट स्तंभावर सोडले तर? दिवसाला ५०० ग्रॅम क्रोमियम. शोषक पूर्ण भरला असे मानले तरी रोज साडेसतरा किलो, आणि व्यवहारात त्याच्या दुप्पट, म्हणजे महिन्याला टनभर भुकटी. याउलट सोडियम मेटाबायसल्फाइटने हेच काम करायचे तर हिशेबाने क्रोमियमच्या २.७४ पट, म्हणजे १.३७ किलो पावडर लागते. प्रत्यक्षात दीड ते पावणेदोन किलो. कोरड्या हिशेबाने क्रोमियम हायड्रॉक्साइडचा गाळ निघतो किलोभर. महिन्याला टनभर विषारी टरफले की रोज किलोभर गाळ, याचे उत्तर कुठलाही फोरमन देईल.

म्हणून जुनी पद्धत मोडीत काढायची नाही, ती नीट करायची. क्रोमचे पाणी वेगळ्या टाकीत घ्यावे, सल्फ्युरिक ॲसिडने पीएच २.५ च्या आसपास आणावा, मेटाबायसल्फाइट घालून २० ते ३० मिनिटे ढवळावे. पिवळे पाणी हिरवट होते. ओआरपी मीटर (प्रक्रिया कुठवर आली ते मिलिव्होल्टमध्ये दाखवणारा) असेल तर या पीएचला २५० ते ३०० मिलिव्होल्टच्या आसपास काम झाले असे समजतात. मग चुन्याने किंवा कॉस्टिकने (कॉस्टिक सोड्याने) पीएच ८ ते ८.५ वर न्यावा, म्हणजे कमी विषारी त्रिसंयुजी रूपात आलेले क्रोमियम गाळ होऊन बसते. फेरस सल्फेट (हिराकस) स्वस्त पडते म्हणून अनेक जण ते वापरतात, पण हिराकस क्रोमियमच्या सोळापट लागतो आणि लोखंडाचा गाळ क्रोमियमच्या सहापट वाढतो. पिशवीमागे वाचलेले पैसे गाळाच्या विल्हेवाटीत जातात. घाईत होणारी चूक म्हणजे पीएच ४ किंवा ५ वरच मेटाबायसल्फाइट टाकणे. तिथे प्रक्रिया इतकी मंदावते की अर्ध्या तासात क्रोमियम तसेच राहते, मग ‘पावडर भेसळीची आहे’ म्हणून पुरवठादाराशी भांडण. उलट टोकाला पीएच २ च्या खूप खाली गेला तर सल्फर डायऑक्साइडचा वास शेडभर पसरतो. आणि एक गोष्ट कधीही नाही: सायनाइड असलेल्या तांब्याच्या किंवा जस्ताच्या बाथचे (प्लेटिंगच्या द्रावणाच्या टाकीचे) पाणी या ॲसिडच्या टाकीत येता कामा नये. हायड्रोजन सायनाइड वायू जीव घेतो. त्या पाण्याची लाइन, टाकी आणि पंप स्वतंत्रच हवा.

मग शोषकाची गरज पडते कुठे? गाळ पाडण्याच्या पद्धतीची एक अडचण आहे. प्रत्येक धातूचा पीएच वेगळा. क्रोमियम साडेसात ते साडेआठला उत्तम बसते, जस्ताला नऊ ते दहा लागतात, निकेलला दहाच्या वर. आणि पीएच फार वर नेला की बसलेले क्रोमियम आणि जस्त पुन्हा विरघळू लागतात. छोट्या कारखान्यात सगळ्यांचे पाणी एकाच टाकीत येते, तेव्हा एका पीएचवर सगळ्यांचे समाधान होत नाही. कुठला तरी धातू लिटरला दोन-पाच मिलिग्रॅम उरतोच. हे उरलेसुरले पकडणे हे सुधारित शोषकाचे खरे काम.

‘सुधारित’ म्हणजे काय, हे बातम्यांत सहसा येत नाही. कच्च्या टरफलात किंवा भुश्श्यात धातू पकडणारे अम्लगट थोडे असतात, आणि ते पाण्यात रंग आणि टॅनिन सोडतात. धातू कमी झाला आणि सीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचे माप) वाढला, असे कच्च्या मालाने हमखास होते; सीओडीची मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम आहे हे तेव्हा आठवते. म्हणून पृष्ठभागावर मुद्दाम नवे गट बसवतात. निकेल, तांबे, शिसे हे धन आयन; त्यांना ऋण अम्लगट हवेत. क्रोमेट आणि आर्सेनेट ऋण आयन. त्यांच्यासाठी लोहाच्या ऑक्साइडचा थर किंवा अमाइन गट. पाऱ्यासाठी गंधकाचे थायॉल गट. एकच भुकटी सगळे धातू सारख्याच जोमाने काढते असा दावा दिसला की पुढचे वाचू नये.

आपल्या भागात सहज करता येण्याजोगे उदाहरण शेंगांच्या टरफलांचे. सौराष्ट्रात शेंगदाण्याचे पीक, त्यामुळे टरफलांना तोटा नाही. टरफले दळून चाळून अर्धा ते एक मिलिमीटरचे कण घ्यावेत. त्याहून बारीक भुकटी स्तंभ चोंदवते. साध्या पाण्याने धुवून मग लिटरला ४ ग्रॅम कॉस्टिकच्या द्रावणात तासभर ठेवावे, रंग उतरतो; पाणी निवळ आणि उदासीन होईपर्यंत धुवावे, वाळवावे. आता सायट्रिक ॲसिड, म्हणजे खमणात घालतात ते इथले ‘लिंबूना फूल’. बाजारात मिळते ते सहसा पाण्याचा एक रेणू धरलेले असते. लिटरला १२६ ग्रॅम घेतले की ०.६ मोलर द्रावण होते. किलोभर टरफलाला सात लिटर द्रावण, म्हणजे पावणेनऊशे ग्रॅम ॲसिड. नीट मिसळून पसरट ट्रेमध्ये ६० अंशांवर रात्रभर वाळवावे आणि मग १२० अंशांवर दीड तास भाजावे. याच भाजणीत ॲसिड टरफलातल्या सेल्युलोजला एस्टर बंधाने जोडले जाते.

भाजणीतच बिघडते. ट्रेमध्ये थर दोन बोटांहून जाड झाला की खालचा माल ओला राहतो, आणि ओल्या मालात बंध जुळत नाही. धुताना सगळे ॲसिड वाहून जाते. तापमान १४० च्या पुढे गेले तर माल काळसर होतो आणि एकाच सायट्रिक रेणूची दोन टोके जोडली जातात, म्हणजे धातू पकडायला मोकळा राहायला हवा तो गट खर्ची पडतो. बेकरीच्या भट्टीत किंवा मिठाईवाल्याच्या ओव्हनमध्ये हे करायचा मोह होतो. करू नये, भट्टीच्या एका कोपऱ्यात १०० आणि दुसऱ्यात १६० अंश असतात, आणि खाण्याच्या भट्टीत हा प्रकार असूही नये. भाजून झाल्यावर कोमट पाण्याने धुवत राहावे. धुवणाचा पीएच साध्या पाण्याइतका आला की सुटे ॲसिड गेले. शेवटी पुन्हा लिटरला ४ ग्रॅम कॉस्टिकच्या द्रावणातून थोडा वेळ काढून सोडियम रूपात आणावे. इथे जास्त वेळ किंवा जास्त तीव्र कॉस्टिक चालत नाही, जुळलेले एस्टर बंधच तुटतात.

याच सोडियम रूपामुळे एक फसवणूक होते. ताजा स्तंभ सुरू केला की पहिले काही तास बाहेर येणाऱ्या पाण्याचा पीएच चढतो आणि निकेल चिकटण्याऐवजी हायड्रॉक्साइड होऊन कणांत अडकते. निकाल बघून सगळे खूश. दुसऱ्या दिवशी पीएच नेहमीवर येतो, आणि खरा आकडा दिसतो.

प्रयोगशाळेतल्या कित्येक ‘९९ टक्के’ची गोमही हीच असते. शिसे किंवा तांब्याच्या द्रावणाचा पीएच ७ किंवा ८ वर नेला तर शोषक नसतानाही धातू गाळ होऊन खाली बसतो. म्हणून प्रत्येक चाचणीत एक बाटली बिनशोषकाची ठेवायची: तेच पाणी, तोच पीएच, तेवढाच वेळ. त्या बाटलीतही ९५ टक्के धातू गेला असेल, तर श्रेय टरफलाचे नाही. या धन आयनांसाठी पीएच ५ ते ६ चा पट्टा धरावा. त्याखाली हायड्रोजन आयन जागा अडवतात, त्यावर गाळ पडू लागतो.

षट्संयुजी क्रोमियमचा सापळा याहून बेमालूम आहे. ते पीएच २ ते ४ ला उत्तम चिकटते. पण त्याच आम्लात टरफल, भुस्सा किंवा सक्रिय कार्बन स्वतःच क्षपणक म्हणून काम करतो आणि षट्संयुजी क्रोमियमचे त्रिसंयुजी क्रोमियम करतो. पिवळा रंग जातो. डायफिनाइल कार्बाझाइडची चाचणी, जी ५४० नॅनोमीटरला जांभळा रंग मोजते, शून्य दाखवते. ती फक्त षट्संयुजी क्रोमियमच पाहते. त्रिसंयुजी मात्र त्या आम्लात न चिकटता पाण्याबरोबर वाहून जाते. म्हणून ‘क्रोमियम काढले’ असे म्हणणाऱ्याला एकूण क्रोमियमचा एएएस किंवा आयसीपीचा (धातू मोजणाऱ्या यंत्रांचा) आकडा विचारावा. विष कमी झाले हे खरे, क्रोमियम निघाले हे खोटे.

आणखी एक प्रश्न: पाणी कुठले होते? डिस्टिल्ड पाण्यात शिशाचे मीठ घालून केलेली चाचणी आणि बोअरच्या कठीण पाण्यात प्लेटिंगचे साबण, तेल, चकाकी आणणारी द्रव्ये मिसळलेली चाचणी यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. कॅल्शियम शेकडो मिलिग्रॅमने असते, निकेल दोन. ओढ कमी असली तरी संख्येच्या जोरावर कॅल्शियम जागा बळकावते. क्रोमेटच्या बाबतीत हेच काम सल्फेट करते, आणि मेटाबायसल्फाइटच्या टाकीनंतर पाण्यात सल्फेट भरपूर असते. विजेविना निकेल चढवणाऱ्या बाथमध्ये सायट्रेट, अमोनिया यांसारखी द्रव्ये निकेलला घट्ट धरून ठेवतात. असे निकेल ना गाळात बसते ना अम्लगटाला चिकटते. ते पाणी टाकीत मिसळण्याआधीच वेगळे करावे. एका बाथमुळे सगळ्या शेडचा ईटीपी (सांडपाणी शुद्धीकरण प्लांट) नापास होतो आणि महिनाभर कुणाला कारण सापडत नाही.

चाचणी करायची तर आपल्याच पाण्यावर करावी. खर्चिक नाही. सहा बाटल्या, प्रत्येकी १०० मिलिलिटर तेच गाळलेले पाणी. पाच बाटल्यांत लिटरमागे ०.५, १, २, ५ आणि १० ग्रॅम या हिशेबाने शोषक, सहावी रिकामी. पीएच मधून मधून तपासून ५.५ वर राखावा, २४ तास हलवत ठेवावे, ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळून धातू मोजावा. शोषक वाढवत नेल्यावर उरलेला आकडा मर्यादेखाली जातो की कुठेतरी अडून बसतो, एवढे पाहिले तरी पुरे. अडून बसला तर तो बहुधा कुठल्या तरी द्रव्याने बांधलेला धातू आहे, आणि शोषक बदलून उपयोग नाही.

स्तंभाची मापे. १०,००० लिटर दहा तासांत, म्हणजे तासाला एक घनमीटर. पाण्याला थरात १५ मिनिटे मिळावीत म्हणून २५० लिटरचा थर. बाजारात मिळणारे वीस इंच व्यासाचे एफआरपी (फायबरचे) व्हेसल घेतले तर थराची उंची सव्वा मीटर येते आणि पाण्याचा वेग ताशी पाच मीटर, दोन्ही ठीक. वर बॅकवॉशला (खालून उलटे पाणी सोडून धुण्याला) मोकळी जागा लागते, थराच्या निदान चाळीस टक्के. त्याआधी प्रेशर सँड फिल्टर हवाच. लिटरला १० मिलिग्रॅमहून जास्त गाळ आला तर वरचे चार बोटे पेंडीसारखे घट्ट होतात, पाणी कडेने वाट काढते आणि मधला माल कोरा राहतो. डिग्रीझिंगच्या (जॉबवरचे तेल काढण्याच्या) टाकीतले तेल आले तर कणांवर पापुद्रा चढतो. तो बॅकवॉशने जात नाही.

स्तंभात एक विचित्र गोष्ट घडते, ती माहीत नसली तर माणूस प्रयोगशाळेवरच संशय घेतो. बाहेरच्या पाण्यात निकेल आतल्यापेक्षा जास्त! अम्लगटांना तांबे आणि शिसे निकेल-जस्तापेक्षा जास्त प्रिय. सुरुवातीला निकेल वरच्या जागा धरते. मागून तांबे येते आणि त्याला ढकलून देते. ढकललेले निकेल खाली साचत जाते आणि एके दिवशी एकदम बाहेर पडते. कुणी चुकून ॲसिडची बादली गटारात ओतली तरी तेच, फक्त सगळे धातू एकत्र. म्हणून स्तंभाच्या तोंडाशी पीएचचा स्वयंचलित व्हॉल्व्ह हा चैनीचा भाग समजू नये.

भरलेला स्तंभ लिटरला साधारण ४ ते १८ ग्रॅम हायड्रोक्लोरिक ॲसिडच्या द्रावणाने धुता येतो; क्रोमेटचा असेल तर कॉस्टिकने. धुतल्यावर धातू नाहीसा होत नाही. तो थोड्या पाण्यात घट्ट होऊन येतो आणि ते पाणी पुन्हा गाळ पाडायच्या टाकीतच न्यावे लागते. टरफलाचा माल दर धुण्याला थोडा निकामी होत जातो. घरी भाजणी करण्याची उस्तवार नको असेल, तर इमिनोडायअसिटेट गट बसवलेले चिलेटिंग रेझिन (धातूला चिमट्यासारखे पकडणारे प्लास्टिकचे मणी) तयार मिळते. तोही सुधारित शोषकच. किलोमागे महाग, पण निकेल-तांब्याची त्याची ओढ कॅल्शियमपेक्षा कितीतरी पटींनी जास्त, आणि धुऊन पुष्कळ वेळा वापरता येते. आमचे मत विचाराल तर रोजचे दहा हजार लिटर आणि एकच ऑपरेटर असलेल्या शेडने रेझिनच घ्यावे.

निकामी झालेली टरफले कुठे जातात, हा प्रश्न बातमीत कधीच नसतो. बडोद्याच्या आसपास टरफलांचा आणि भुश्श्याचा ‘व्हाइट कोल’ बॉयलरमध्ये जळतो, त्यामुळे ही टरफलेही तिथेच जाळावीत असे सहज सुचते. तसे केले तर कॅडमियम आणि शिसे धुरातून उडते, आणि राखेतल्या चुन्यामुळे त्रिसंयुजी क्रोमियमचे पुन्हा षट्संयुजी होऊ शकते. एवढा खटाटोप करून जे मारले ते जिवंत. घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत सांडपाणी शुद्धीकरणाचा रासायनिक गाळ आणि विषारी धातू असलेले वापरलेले रेझिन, दोन्हींची स्पष्ट नोंद आहे. हा माल पावसात न भिजेल अशा जागी, लेबल लावलेल्या पिंपांत ठेवून ९० दिवसांच्या आत अधिकृत टीएसडीएफकडे (घातक कचऱ्याच्या विल्हेवाटीच्या केंद्राकडे) पाठवावा लागतो. शाळा-कॉलेजच्या विज्ञान प्रदर्शनांत पोटॅशियम डायक्रोमेटच्या पिवळ्या पाण्यावर असे प्रयोग हौसेने मांडतात. संध्याकाळी ते पाणी बेसिनमध्ये ओततात. शिक्षकांनी तेवढे मेटाबायसल्फाइट आणि चुना घालून गाळ वेगळा केला तर तोच प्रदर्शनाचा उत्तम भाग ठरेल.

सगळ्यांत स्वस्त धातू तो, जो पाण्यात गेलाच नाही. जॉब लावलेला रॅक बाथच्या वर दहा-पंधरा सेकंद जास्त टांगून निथळू द्यावा. धुण्यासाठी एकच वाहती टाकी असेल आणि रॅकबरोबर आलेले द्रव हजारपट पातळ करायचे असेल, तर आलेल्या प्रत्येक लिटरमागे हजार लिटर पाणी लागते. दोन टाक्या उलट्या प्रवाहाने जोडल्या, म्हणजे ताजे पाणी दुसरीत आणि तिचे सांडलेले पहिलीत, तर ३२ लिटर पुरतात. एक टाकी आणि चार फूट पाइप. त्यानंतर ईटीपी, स्तंभ, टीएसडीएफ, सगळेच लहान होते.

नमुना घेण्याबद्दल शेवटी दोन शब्द, कारण चांगल्या चाललेल्या प्लांटचेही अहवाल इथे बिघडतात. एकूण धातूसाठी प्लास्टिकच्या बाटलीत नायट्रिक ॲसिड घालून पीएच २ च्या खाली आणतात. षट्संयुजी क्रोमियमसाठी तीच बाटली चालत नाही, आम्लात ते वाटेतच त्रिसंयुजी होते. त्याची बाटली वेगळी, बिनआम्लाची, बर्फात ठेवून २४ तासांत तपासायची. दोन स्तंभांच्या मध्ये एक नळ ठेवावा आणि तिथले पाणी रोज पाहावे: निकेलला डायमिथाइल ग्लायऑक्साइमचे दोन थेंब, गुलाबी-लाल आले की पहिला स्तंभ भरला, दुसऱ्याला पुढे घ्यायचे. तो नळ ऑपरेटरच्या बाजूला, छातीच्या उंचीवर बसवावा. फिटर तो बहुतेक वेळा भिंतीकडच्या अंगाला, गुडघ्याखाली बसवून जातो, आणि मग आठवडाभर तो कुणी उघडत नाही.

आपले,
सांडपाणी शुद्धीकरणाच्या क्षेत्रात काम करणारे काही वाचक
बडोदे